कातळाआधीचा मासा

११ मार्च

आज सुसर बघायला गेले आणि सुसरीहून जुनं काहीतरी बघून आले. (हे वाक्य भरात लिहिलं आहे. उद्या तपासायचं.)

दुपारी काशीराम प्रयोगशाळेत आले. पनवेलजवळच्या रोडपालीला लागून त्यांचं गाव, आता चारी बाजूंनी आमच्यासारख्यांच्या इमारतींनी वेढलेलं. गावच्या तळ्याचं सगळं तेच पाहतात. शिवाय त्यांचं लग्नाचं लॉन आहे, दारातल्या कारंज्यात सिमेंटचे दोन हंस असलेलं. गेल्या वर्षी तळ्याचं पाणी आमच्याकडे तपासायला आलं होतं, तेव्हापासून तळ्यात काहीही झालं की ते माझ्याकडे येतात. माझं काम पिण्याच्या पाण्यातले जंतू मोजण्याचं आहे, हे मी त्यांना सांगून पाहिलं. प्राणिशास्त्राची पदवी आहे हे एकदा बोलून बसले, ती चूक झाली.

"मॅडम, आमच्या मालूबायनं तल्यात सुसर बगितली."

"सुसर नसेल हो. घोरपड असेल."

"साट वर्सं ती त्या तल्यावर धुनं धुते. घोरपड वलकत नाय तिला?"

संध्याकाळी गेले. मालूबाई म्हणजे काशीरामांची थोरली बहीण. शंकराच्या देवळाखालच्या पायरीवर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "चपला काडून बस. आन गप ऱ्हा. त्यो आवाज वलकतो."

बराच वेळ काही नाही. मग पायरीपासून दोन हातांवर पाण्याचा रंग बदलला. आधी एक चपटी, लांब चोच वर आली, सुसरीसारखीच, दातांसकट. मागोमाग हिरवट तपकिरी पाठ. जवळजवळ माझ्या हाताइतका लांब. शेपटीचं पर अगदी मागे, वल्ह्यासारखं. त्याने तोंड पाण्याबाहेर काढलं, हवा घेतली आणि खाली गेला. मागे बुडबुड्यांची एक ओळ राहिली.

मासा होता. आणि तो श्वास घेत होता.

मला पुस्तकातलं रेखाचित्र आठवलं आणि त्याखालचं माशाचं नाव. गार. उत्तर अमेरिकेतल्या नद्यांतला मासा, पनवेलच्या तळ्यात. कोणीतरी काचपेटीत पाळलेला सोडून दिला असणार. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते वर्तमानपत्र बाजूला ठेवून ऐकत राहिले. मी सांगताना ते इतकं लक्ष देऊन ऐकतात असं फार दिवसांत झालं नव्हतं.

१२ मार्च

कालचं पहिलं वाक्य तपासलं. खरं आहे. आजच्या सुसरी-मगरींचं कूळ जुनं, पण गारांचं त्याहून जुनं. पंधरा कोटी वर्षं मागे गेलं तरी दगडात त्यांची हाडं सापडतात, आणि ओळखू येतात. आजच्यासारखीच.

दिवसभर कामातून वेळ चोरून वाचत होते. आपण ताटात, बाजारात, काचपेटीत पाहतो ते बहुतेक सगळे मासे एकाच अवाढव्य कुळातले. रोहू, पापलेट, बोंबील, सोनमासा, सगळे एकमेकांचे चुलत-मावस. गार त्यांच्यात नाही. त्या कुळाला फांद्या फुटायच्या आधीच ही फांदी वेगळी झाली आणि आज तिच्यावर सातच पानं आहेत, म्हणजे सातच जाती. शेजारी एक डहाळी, बोफिन नावाच्या माशाची. बस. बाकी सगळे दगडात.

या दोघांना एकत्र ठेवायचं की नाही यावर अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या भांडले. आधी एका खणात ठेवले. मग हाडं बारकाईने पाहणाऱ्यांनी तो खण मोडीत काढला. म्हणाले, बोफिन तर इतर माशांच्या जवळचा, गारच एकटा. मी एम.एस्सी.ला हेच लिहिलं होतं आणि मला त्याचे पूर्ण गुण मिळाले होते. आता जनुकं वाचल्यावर कळलंय की जुना खणच बरोबर होता. म्हणजे मी चुकीचं उत्तर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. बावीस वर्षं मला त्याचा पत्ता नव्हता.

आणखी एक. गारांच्या दोन शाखा दहा कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. त्या आजही एकमेकांत मिसळू शकतात, त्यांना पिल्लं होतात, आणि त्या पिल्लांनाही पिल्लं होतात. इतका सावकाश बदलणारा जीव! घोडा आणि गाढव कालपरवा वेगळे झाले, आणि त्यांचं खेचर वांझ. मी हे वाचून खुर्चीतून उठले आणि उगाच पाणी पिऊन आले.

जेवताना बाबांनी विचारलं, "त्याला थंडी बाधते का गं?"

"इथली? नाही."

"आणि जगतो किती?"

"पन्नास वर्षंसुद्धा."

"म्हणजे माझ्यामागे राहील," असं म्हणून ते ताक प्यायले. अठ्ठ्याहत्तरच्या वयाला कुठलीही गोष्ट तिथेच येऊन थांबते, हे मी आता समजून घ्यायला शिकले आहे.

१५ मार्च

क्षुल्लक गोष्टी. स्टीलच्या मधल्या डब्याचं झाकण सापडत नाही. बाबांच्या पिशवीला मटणाच्या दुकानासारखा वास येतो. विचारलं तर म्हणाले, मांजरांना घालतो. आयुष्यात अंडं न शिवलेला माणूस खाटकाच्या दुकानात उभा राहतो! तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि मी त्यांना पुण्याहून इथे आणलं. इथे त्यांचा एकच मित्र झाला, शेजारच्या इमारतीतले दाजी. दोघं रोज संध्याकाळी दाजींच्या घरी त्यांच्या काचपेटीसमोर बसायचे. दाजी जानेवारीत गेले. मुलाने महिन्याभरात घर रिकामं केलं. "दाजींच्या माशांचं काय झालं?" असं मी तेव्हा विचारलं होतं. "सोय झाली," म्हणाले. त्यानंतर मांजरं. बरं आहे. जीव लावायला काहीतरी हवंच.

१९ मार्च

आज जे केलं ते नीट लिहून ठेवते, कारण त्यात आनंद जास्त झाला आणि मला अशा आनंदाची भीती वाटते.

काशीरामांनी देवळाच्या मंडपात लोकांना जमवलं होतं. "मॅडम, जरा समजावून सांगा," म्हणाले. आमचा विचार होता जाळं टाकून मासा काढायचा. त्याआधी सगळ्यांना कळू दे की ही सुसर नव्हे. मी सांगायला उभी राहिले. हवा पिणारा मासा, चौकोनी चकाकते खवले, फरशीसारखे एकाला एक लावलेले, इतके कठीण की सुरी घसरते. लोक ऐकत होते. मग मी म्हटलं, "तो कर्नाळ्याचा सुळका दिसतो ना? हा आपल्या पायाखालचा काळा कातळ आहे ना? हा कातळ एके काळी पातळ होता. तापलेला रस होता. जमिनीच्या भेगांतून वर आला, थंड झाला, त्यावर पुन्हा आला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. आणि त्या कातळाच्या थराखाली, चंद्रपूरकडे, तळ्यांच्या चिखलात कसले खवले सापडले आहेत माहीत आहे? याच माशाच्या कुळाचे. हा कातळ महाराष्ट्रात यायच्या आधी गार इथे होता."

माझ्याच अंगावर काटा आला होता. एक पोर रडत होतं, ते थांबलं.

मग काशीराम सावकाश म्हणाले, "म्हंजे आमच्याबी आदीचा."

"तुमच्या काय, कर्नाळ्याच्याही आधीचा."

"आमी बोंबलतो, आमी मूलचे, तुमी बाहेरचे. मंग याच्यापुडं आमीबी भाडोत्रीच की!"

सगळे हसले. मीही हसले. किती छान म्हणाले, असं वाटलं. मालूबाईंनी मात्र तळ्याकडे पाहून हात जोडले.

बाबा मागच्या खांबाला टेकून उभे होते. ते येणार आहेत हे मला माहीत नव्हतं.

२४ मार्च

पायरीवर हळदकुंकू. झेंडूची दोन फुलं. कणकेच्या गोळ्या पाण्यात भिजून फुटलेल्या. मालूबाई म्हणाल्या, "मूलपुरुस हाय त्यो. इतकी वर्सं कातलात बसला व्हता. आता दिसलाय."

"मालूबाई, हा तो नव्हे. हा त्याच्या नात्यातला."

"नात्यातलाच म्हनते ना मी."

जाळ्याचं विचारलं तर काशीरामांनी कानाला हात लावला. "आता कोन हात लावंल? तुमीच बोललाव, मॅडम. भर मंडपात."

मी बोलले होते. एकही शब्द खोटा नव्हता. पण ऐकणाऱ्याच्या हातात शब्द देऊन टाकल्यावर तो काय उचलेल ही जबाबदारी कोणाची? मी 'कुळाचे' म्हटलं, त्यांनी 'हाच' ऐकलं. मी 'इथे' म्हटलं तेव्हा चंद्रपूर आणि पनवेल एकाच शब्दात बसवले, कारण तो शब्द त्या क्षणी सुंदर वाटला. हे प्रयोगशाळेच्या अहवालात मी कधीच केलं नसतं.

२ एप्रिल

ऊन वाढलंय. पाणी एक पायरी खाली गेलं. रोहू पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात. गरम पाण्यात प्राणवायू उरत नाही. गारला त्याचं काही नाही. तो येतो, श्वास घेतो, जातो. त्याच्या पोटात जी पिशवी आहे ती जवळजवळ फुप्फुसच आहे. आपल्या फुप्फुसाची आणि तिची सुरुवात एकाच ठिकाणी आहे. मी पायरीवर बसून माझा श्वास त्याच्या श्वासाशी जुळवून बघत होते. जमलं नाही. त्याचा फार लांब.

एक मासा तळं रिकामं करेल, असं मी म्हणणार नाही. त्याला पुरावा नाही. पण पावसात हे तळं भरून वाहतं, नाल्याने खाडीला जातं, आणि गारला खारं पाणी चालतं. एकटा असेल तर प्रश्न त्याच्यापुरता. दोन असतील तर? नर-मादी असतील तर?

किती आहेत, हे मला कसं कळणार?

६ एप्रिल

आज काशीराम पेढे घेऊन आले. जत्रा पुढच्या पंधरवड्यात आहे.

"मॅडम, एक खुशखबर. जत्रेला त्याची मादी आनतो."

"कोणाची?"

"मूलपुरुसाची. देव एकटा बरा नाय दिसत. आमच्या मितेसनं मोबाइलवर काडलंय. कुर्ल्याच्या दुकानात मिलतो. जोडीबी मिलते."

मितेश त्यांचा पुतण्या. मला हसावं की रडावं कळेना. "काशीरामदादा, जो मासा कातळातून आला, तो कुर्ल्याच्या दुकानात कसा मिळतो?"

ते क्षणभर अडखळले. मग म्हणाले, "भावकी गेली असंल तिकडं. आमचीबी अर्धी भावकी कुर्ल्याला हाय."

मी पेढा हातात धरून सगळं सांगितलं. या माशांची अंडी विषारी असतात, मालूबाई हातात घेतील, पोरं घेतील. पिल्लं झाली तर तळ्यातून नाल्यात, नाल्यातून खाडीत. तुमची मरळ, तुमची शिंगी, सगळ्यांच्या जागेत शिरतील. परत काढता यायचं नाही.

"मंग तल्यातली चिलापी मासली कुटली?" ते म्हणाले.

"आफ्रिकेची."

"आन ही जलपर्नी?"

"ब्राझीलकडची."

"आन तुमी पुन्याच्या. कोना-कोनाला काडू?"

याचं पूर्ण उत्तर मला अजूनही सापडलेलं नाही. मी एवढंच म्हणाले की माणसं एकमेकांना सांगून समजावून राहू शकतात, माशांना ती सोय नाही. ते म्हणाले, "तुमी आदी येक बोलता, मग येक बोलता. दोनातलं खरं कंचं?"

"दोन्ही खरं आहे. पण पहिलं अर्धं सांगितलं होतं."

"मंग दुसरं अर्दं मंडपात सांगा. आन त्याबरोबर हेबी सांगा, सोडला कोनी. कातलातनं नाय आला तर कोनाच्या तरी बादलीतनं आला असंल ना? त्याचं नाव सांगा, मंग गाव मानंल. नायतर जत्रेला जोडी येनार म्हंजे येनार."

८ एप्रिल

पनवेलच्या दोन मासेदुकानांत चौकशी केली. तिथे या जातीचा मासा ठेवत नाहीत म्हणाले. आमच्या सोसायटीच्या गटावर संदेश टाकला: कोणी लांब चोचीचा मासा तळ्यात सोडला असल्यास कृपया सांगावं, नाव गुप्त राहील. तीन जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एकाने पाणी कधी येणार विचारलं.

११ एप्रिल

आजचंही नीट लिहून ठेवते.

जेवताना मी बोलत होते. सवयीने, स्वतःशी बोलावं तसं. किती आहेत हे कळलं असतं तर निम्मं संकट गेलं असतं. एकच असेल तर काढता येईल, नाहीतर निदान जोडी तरी थांबवता येईल. पण कोण सांगणार?

"एकच आहे," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत?"

त्यांनी पोळीचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवला. "दाजींकडे एकच होता."

मग सगळं एकदम दिसलं. डब्याचं झाकण. खाटकाचा वास. पन्नास वर्षं जगतो म्हटल्यावर त्यांनी घेतलेलं ताक. मी अमेरिकेतल्या अभ्यासकांचे निबंध धुंडाळत होते, दुकानं पालथी घालत होते, आणि मला जे हवं होतं ते माझ्यासमोर बसून भात कालवत होतं.

"मुलगा म्हणाला, काका, पेटी विकली, मासा कोणी घेत नाही, टाकून देऊ. टाकून देऊ म्हणाला गं. जिवंत आहे तो. मी बादलीत घातला. रिक्षावाला नाही म्हणत होता, बादली बघून. मग चालत नेला."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू काढायला लावला असतास."

हो. लावला असता.

"दाजी झाकण वाजवायचे. खाणं घालायच्या आधी. टक, टक टक. तो काचेपाशी यायचा. तळ्यात सोडल्यावर मला वाटलं, गेला. एवढं पाणी, कशाला येईल? तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला, तळ्यावर कोणी नसताना, झाकण घेऊन गेलो. पायरीवर वाजवलं. आणि आला, आभा. एवढ्या पाण्यातून."

तो रोज संध्याकाळी त्याच पायरीशी का दिसायचा, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मालूबाईंना तो दिसला, मला दिसला, पायरीवर फुलं वाहिली गेली. तो त्या वेळी तिथे बाबांची वाट बघायला येत होता.

जाळ्याने काढायचा प्रयत्न केला तर काय होईल हे मी वाचलं आहे. तळ्यात गाळ आहे, बुडालेले बाभळीचे खुंट आहेत. तो खाली जाऊन बसेल. जाळं फाटेल. मी हे बाबांना सांगितलं नाही. ते आपणहून म्हणाले, "जाळ्यात नाही यायचा. मी बोलावला तर येईल."

 

१३ एप्रिल

मंडप. मी दुसरं अर्धं सांगितलं. कातळाखाली सापडले ते या माशाच्या कुळातले, हा नव्हे. मध्ये साडेसहा कोटी वर्षं आहेत आणि आख्खा समुद्र आहे. ते कूळ आपल्याकडे संपलं, तिकडे उरलं. हा तिकडून आणलेल्यांपैकी. विकत घेतलेला. माझ्या मनात होतं की आश्चर्य आता ओसरेल. तसं झालं नाही, निदान माझं तरी. नव्हे, ते वाढलंच. ज्याचं घर लाव्ह्याखाली गेलं त्याचा कोणी दूरचा भाऊबंद एका बादलीतून, चालत, त्याच मुलखात परत येतो, आणि त्याला ते माहीत नसतं.

मग बाबा उठले. त्यांनी सगळं सांगितलं. आवाज बारीक होता म्हणून लोक पुढे सरकले.

"काका, तुमी बामनाचं मानूस," काशीराम म्हणाले, "आन आमच्या देवाला रोज कोंबडी चारलीत?"

"हो."

"कुनाच्या दुकानातली?"

बाबांनी नाव सांगितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "त्यो कापतो बरी, पन वजनात मारतो." हशा झाला, आणि तो थोडा मोकळा हशा होता.

मालूबाई हसल्या नाहीत. "मंग मी कुनाला हात जोडलं?" एवढंच म्हणाल्या.

काशीरामांनी विचारलं, "मॅडम, आता येक सांगा. काडला तर म्होरं काय? मारायचा?"

मी मत्स्यखात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं होतं. मी खरं ते सांगितलं: कुठल्याही उघड्या पाण्यात सोडता येणार नाही. बंदिस्त जागा नसेल तर मारावा लागेल. बाबा जमिनीकडे बघत होते.

काशीराम म्हणाले, "यो तो नाय. पन त्याच्या भावकीतला हाय, बरोबर?"

"बरोबर. फार लांबचा."

"माजा पनजोबा म्हंजे मी नाय. पन त्याच्या नावानं घास मीच टाकतो ना? भावकी म्हटली की लांब-जवल नाय बगत. मारायचा नाय." मग मालूबाईंकडे वळले. "लॉनात कारंज्याची टाकी हाय. सिमेंटची. नाल्याशी संबंद नाय. वरती जाली लावतो. जोडी कॅन्सल."

मी आयुष्यभर वर्गीकरण म्हणजे वेगळं कसं करावं याचं शास्त्र समजत आले. हा माणूस त्याच झाडाकडे पाहून कोणाला जेवायला घालायचं ते ठरवत होता.

१४ एप्रिल

आज काढला.

सकाळी पाणी अगदी स्थिर. पायरीखाली काशीराम आणि मितेश कमरेइतक्या पाण्यात, दोघांमध्ये झोळीसारखं धरलेलं जाड कापड, पाण्याखाली. बाबा शेवटच्या कोरड्या पायरीवर बसले. धोतर भिजत होतं. ते तरीही एक पायरी खाली सरकले.

झाकण वाजवलं. टक, टक टक.

काही नाही.

"तुमी सगले उबे हायत ना, म्हून," मालूबाई म्हणाल्या. "बसा."

सगळे बसलो. आख्खं गाव तळ्याकाठी उकिडवं. बाबांनी पुन्हा वाजवलं. लांब, मधोमध, पाण्यावर एक रेघ उठली आणि आमच्याकडे येऊ लागली. घाई नाही. सरळ. इतक्या माणसांमधून तो त्या एका आवाजाकडे येत होता. पायरीपाशी थांबला, चोच वर काढली, श्वास घेतला. मी त्याचा डोळा पाहिला. सोनेरी. बाबांनी हात पुढे केला आणि त्याच्या पाठीवर ठेवला. मग काशीरामांकडे न बघता मान हलवली.

कापड वर आलं. तो एकदाच उसळला. मितेशच्या हाताला दात लागले, थोडं रक्त आलं. उन्हात त्याचे खवले पाहिले. कोणीतरी कारागिराने एकेक बसवावा तसे, तिरक्या ओळींत, हस्तिदंतासारखे चकाकते. मालूबाईंनी बोटाने एक खवला चाचपला. "दगूड हाय गो," म्हणाल्या. मग पदराने त्याच्या डोळ्यांवर सावली धरली, टेम्पोपर्यंत.

बाबा पायरीवरून उठले नाहीत. मी जवळ गेले तर म्हणाले, "विश्वासाने आला होता."

२९ एप्रिल

मासा खात नाही. टाकीच्या तळाशी, हंसाच्या सिमेंटच्या पायाशी बसून असतो. मी बाबांना सांगते, जागा बदलली की असं होतं, हे मासे उपाशी बराच काळ राहू शकतात. हे खरं आहे. बाबा ऐकतात आणि म्हणतात, "रागावलाय." हे खरं की खोटं, मला माहीत नाही. राग ही गोष्ट किती जुनी आहे, यावर मला काही सापडलं नाही.

बाबा रोज संध्याकाळी रिक्षाने लॉनात जातात. झाकण वाजवतात. तो येत नाही. श्वासाला येतो, पण टाकीच्या पलीकडच्या टोकाला, बाबांकडे पाठ करून. जत्रा झाली. मालूबाई जत्रेतून येताना टाकीवर एक नारळ ठेवून गेल्या. "त्याला नाय, काकांना," म्हणाल्या.

१७ मे

आज लॉनात लग्न होतं. मी बाबांना सोबत म्हणून गेले. हळदीचं गाणं ढणढणत होतं, वऱ्हाडातली मुलं जाळीतून टाकीत डोकावत होती, "मगर, मगर!" काशीराम पाहुण्यांना सांगत होते, "मगर नाय, कर्नाल्याच्या आदीचा हाय. पन यो तो नाय हां, त्याच्या भावकीतला." वाक्य अगदी बरोबर होतं. मला माझं कुठलंही लेखी काम इतकं पोचल्याचं आठवत नाही.

बाबा खुर्ची ओढून टाकीशी बसले. एवढ्या गोंगाटात काय ऐकू येणार? तरी त्यांनी वाजवलं. टक, टक टक. थांबले. पुन्हा वाजवलं. बँड क्षणभर थांबला होता, दुसरं गाणं लागायच्या मध्ये.

तळाची सावली हलली. तो सावकाश वर आला, हंसाला वळसा घालून, बाबांच्या बाजूला. चोच पाण्याबाहेर काढली, अगदी त्यांच्या गुडघ्यापाशी, आणि हवा घेतली. आत जाताना बुडबुडे सोडले. खाणं घेतलं नाही.

"आला," बाबा म्हणाले. "पाहिलंस? आला."

त्याआधीचे त्याचे श्वास मी पाहत होते. तो नेहमी साधारण तेवढ्याच वेळाने वर येतो. आत्ता त्याची वेळ झालीच होती. झाकण वाजलं नसतं तरी तो आला असता, कदाचित याच बाजूला, कदाचित पलीकडे. तो हाकेला आला की श्वासाला, हे एकदा पाहून कोणालाच सांगता येणार नाही.

इथे मी ते नोंदवून ठेवते. बाबांना म्हणाले, "हो. आला."